सांगली-साताऱ्याच्या बाजारातून क्लासिक कॉकटेल : काय बदलायचं आणि किती

मार्गारिटाची कृती वाचायला घेतली की दुसऱ्याच ओळीत गाडी अडते : ट्रिपल सेक, ३० मिली. कराडच्या किंवा मिरजेच्या वाइन शॉपमध्ये टकीला एखादे वेळी मिळून जाते, पण संत्र्याची ही लिकर, म्हणजे गोड सुगंधी दारू, मिळेलच असं नाही. मिळालीच तर दोन-चार ग्लासांसाठी महागडी अख्खी बाटली घ्यावी लागते. मग कुणीतरी म्हणतं, संत्र्याचाच स्वाद हवाय ना, घाल ३० मिली ऑरेंज स्क्वॉश. आणि हातात येतं ते गोडमिट्ट, पाणचट काहीतरी.

का बिघडलं ते आकड्यांत बघू. क्वांत्रोसारख्या ४० टक्के अल्कोहोलच्या लिकरच्या ३० मिलीत तीन गोष्टी असतात : १२ मिली शुद्ध अल्कोहोल, साधारण ७ ग्रॅम साखर आणि संत्र्याच्या सालीतलं सुगंधी तेल. स्क्वॉशमध्ये नियमानुसारच किमान ४० टक्के विरघळलेले घटक असावे लागतात, आणि ते बहुतांशी साखरच असतात. म्हणजे ३० मिली स्क्वॉशमधून साखर गेली १४ ग्रॅम, अल्कोहोल गेलं शून्य, आणि सालीच्या तेलाच्या जागी गेला गराचा रस. गोडी दुप्पट झाली, कणा मोडला आणि वासही वेगळा आला. बाटलीवरचं संत्र्याचं चित्र तेवढं जुळलं.

कॉकटेलमधला पदार्थ बदलताना तो कशाचा बनलाय याआधी तो ग्लासात कोणकोणती कामं करतोय ते विचारायचं. कामं मोजकीच असतात : अल्कोहोल, गोडी, आंबटपणा, कडवटपणा, सुगंध, दाटपणा आणि पाणी. एक पदार्थ बहुधा दोन-तीन कामं एकदम करतो, त्यामुळे त्याच्या जागी दोन-तीन पदार्थ आणावे लागतात. ट्रिपल सेकची बदली अशी होते : दोन संत्र्यांची फक्त केशरी साल पातळ सोलून १०० ग्रॅम साखरेत हाताने चांगली चोळायची आणि चार-सहा तास झाकून ठेवायची. साखर ओलसर होते, सालीतलं तेल तिच्यात उतरतं. मग १०० मिली कोमट पाणी घालून साखर विरघळली की गाळून घ्यायचं. आतला पांढरा भाग साखरेत गेला तर पाक कडू होतो, म्हणून सोलताना घाई नको. साल मेणकट लागली तर आधी कोमट पाण्याने घासून धुवा.

या पाकाच्या १२ मिलीत साधारण ७ ग्रॅम साखर येते. म्हणून ६० मिली टकीला, ३० मिली लिकर, ३० मिली लिंबू या मापाची मार्गारिटा आता अशी बसते : टकीला ६०, साधी व्होडका २५, संत्र्याचा पाक १२, लिंबू ३०. व्होडका लिकरमधल्या अल्कोहोलची जागा भरते. ती नकोच असेल तर खुशाल वगळा, पण मग लिंबूही २२ मिलीपर्यंत आणि पाक १० पर्यंत उतरवा, नाहीतर आंबट सरबताला टकीलाचा वास तेवढा येईल. एक हिशेब डोक्यात ठेवा : पूर्ण मापाच्या या ग्लासात जवळजवळ तीन छोटे पेग आहेत.

प्रयोगाला बसण्याआधी

महाराष्ट्रात व्हिस्की-रम-जिनसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, बिअर आणि वाइनसाठी २१. दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. विकत घेतलेल्या दारूत मसाला-फळं भिजवणं वेगळं आणि घरी दारू गाळणं वेगळं. दुसरं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही. बांधावर घायपात दिसतो म्हणून टकीलाचे प्रयोगही मनात आणू नका. त्याचा चीक अंगावर उडाला तरी आग होते.

माप हवं. बारमधला जिगर (मापाचा छोटा पेला) नसेल तर खोकल्याच्या औषधावर येणारं २.५, ५, १० मिलीच्या खुणांचं टोपण त्याहून अचूक असतं. ग्रॅमसाठी सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा. शेकर म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो, गाळायला चहाची गाळणी. फक्त तिला चहाचा वास नको.

चाचणी नेहमी पाव मापाने करा. ६०-३०-२० ऐवजी १५-७.५-५. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि शेजारी मूळ कृतीचा पाव ग्लास ठेवा. तुलनेला काही नसेल तर चौथ्या चाचणीपर्यंत जिभेला सगळंच बरं वाटायला लागतं, आणि त्यात गुण कृतीचा नसतो.

डायकिरी ही कसोटी

प्रयोग शिकायला डायकिरीसारखं पेय नाही. क्युबात सांतियागोजवळ डायकिरी नावाचं गाव आहे, तिथल्या लोखंडाच्या खाणींच्या दिवसांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हे पेय रुजलं असं मानतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हे रम घातलेलं लिंबूसरबत : पांढरी रम ६० मिली, लिंबाचा रस ३०, साखरेचा पाक २०. लपायला जागाच नाही, त्यामुळे काहीही बदललं तरी लगेच कळतं.

पाक म्हणजे वजनाने समसमान साखर आणि पाणी. १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी, कोमट करून ढवळायचं. उकळत ठेवलं की पाणी उडतं, पाक घट्ट होतो आणि तुमचं २० मिली दर वेळी वेगळं भरतं. वाटीने मोजलं तर उलटा घोळ : एक वाटी साखरेचं वजन एक वाटी पाण्यापेक्षा कमी भरतं, म्हणून पाक फिका पडतो. बरोबर केलेल्या पाकाच्या २० मिलीत साधारण १२ ग्रॅम साखर असते. हा १२ चा आकडा पुढे सतत लागणार आहे.

आता आपल्याकडची सगळ्यात सहज मिळणारी रम गडद असते. ओल्ड मंकसारखी गडद रम घातली की व्हॅनिलाचा, जळक्या साखरेचा स्वाद येतो आणि जिभेला गोडी आधीच वाटू लागते. पाक २० वरून १५ वर आणा, लिंबू तेवढंच ठेवा. इतक्यावर पेय जागेवर येतं. डायकिरीचा तो काचेसारखा स्वच्छपणा मात्र गडद रममध्ये कधीच येणार नाही, त्याच्यामागे लागू नका.

गोडीच्या बाजूला आपला भाग श्रीमंत आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळू.

गुळाचा पाक साखरेसारखाच समसमान वजनाने करतात, पण गूळ म्हणजे निव्वळ साखर नव्हे; ओलावा आणि क्षार असल्याने गोडी थोडी कमी पडते, म्हणून २० च्या जागी २३-२४ मिली धरा. कोमट पाण्यात विरघळवून पातळ फडक्यातून गाळा, तळाला बारीक गाळ बसतोच. गूळ निवडताना पिवळाधमक टाळा. रंग उजळायला हायड्रॉस वापरलेलं असेल तर गंधकाचा हलका वास राहतो, आणि जेवणात न कळणारा हा वास थंड पेयात नाकाशी येतो. काही गुळात रस साफ करताना चुन्याची निवळी वापरतात. असा गूळ लिंबाची धार किंचित बोथट करतो, तेव्हा दोन-तीन मिली लिंबू वाढवून बघा. गडद रम आणि व्हिस्कीला गूळ शोभतो. जिनमध्ये घालू नका. जिनला वास देणारं जुनिपर आणि गूळ एकमेकांना चिखल करतात.

काकवी हा तर या प्रकारातला हुकमी पत्ता. गुऱ्हाळावर गूळ घट्ट होण्याआधी काढलेली ही काकवी दोन भाग साखर आणि एक भाग पाणी अशा दाट पाकाच्या जवळपास जाते. तिची खरी जागा ओल्ड फॅशन्डमध्ये आहे : व्हिस्की ६० मिली, काकवी ५ ते ६ मिली, बिटर्सचे (कडू-सुगंधी अर्काचे) दोन झटके, मोठा बर्फ, संत्र्याची साल. काकवी थेट बर्फावर ओतली की तळाला गोळा होऊन बसते. आधी तेवढ्याच कोमट पाण्यात हलवा, मग व्हिस्की, बर्फ सगळ्यात शेवटी. हे जमतं त्यामागे कारणही आहे. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत धान्यापेक्षा उसाच्या मळीपासून केलेलं स्पिरिट जास्त असतं, म्हणजे नाव व्हिस्की असलं तरी कूळ रमचं. काकवी त्या कुळाला धरून जाते. भारतीय सिंगल माल्ट वापरत असाल तर काकवी ३-४ मिलीवर आणा, नाहीतर माल्टचा स्वाद झाकला जाईल आणि पैसे वाया जातील.

मध घालायचा तर मध आणि कोमट पाणी मापाने समसमान. गोडी साखरेच्या पाकाच्या जवळ येते, सुरुवातीला तेवढ्यास तेवढा घाला. न विरघळवता मध थंड शेकरमध्ये घातला तर तो तळाला चिकटतो आणि गोडी भांड्यातच राहते. महाबळेश्वर भागातला जांभळाचा मध गडद आणि किंचित कडसर असतो. जिन ६०, लिंबू २५, या मधाचा पाक २० असं करून बघा. साध्या मधाने हे पेय लाडिक होतं, या मधाने नाही.

उसाचा ताजा रस पाकाच्या जागी घालावा का? हिशेब करा. रसात साखर साधारण १८ टक्के, म्हणजे १२ ग्रॅमसाठी ६०-६५ मिली रस लागला. पाकापेक्षा ४० मिली पाणी जास्त आलं, आणि शेकरमध्ये बर्फाचं पाणी वेगळंच. म्हणून रसाचं पेय हलवायचं नाहीच. उंच ग्लासात बर्फ, रम ४५, लिंबू २०, रस ६०, पुदिना, चमच्याने दोन फेरे. मोहितो या रम-लिंबू-पुदिन्याच्या पेयात पडतो तो सोडा इथे वगळा, त्याचं काम रसातल्या पाण्याने केलंय. रस हवेने काही मिनिटांत काळवंडतो. रसवंतीवर चरकात लिंबू-आलं टाकून काढलेला जास्त टिकतो, पण मग ग्लासातलं लिंबू त्या मानाने कमी करा.

बाटलीतला स्ट्रॉबेरी क्रश बहुतेक जण चुकीच्या रकान्यात टाकतात. क्रशमध्ये नियमाने किमान ५५ टक्के विरघळलेले घटक आणि किमान २५ टक्के फळ असतं. म्हणजे गोडीत तो पाकाच्या वरचढ आहे. ‘फळ’ समजून पाकाच्या जोडीला घातला की बिघडलंच. २० मिली पाक पूर्ण काढून १८ मिली क्रश घाला. वरून आणखी साखर नको. डिसेंबर ते मार्च ताजी स्ट्रॉबेरी मिळत असताना मात्र क्रशकडे वळूही नका. तीन फळं शेकरमध्ये ठेचा, पाक १८ ठेवा, दोनदा गाळा.

आंबटपणा : इथे गफलत होते

लिंबाच्या रसात आम्ल साधारण ६ टक्के. संत्र्यात एक टक्क्याच्याही आत, द्राक्षात साधारण अर्धा-पाऊण टक्का. म्हणून ‘लिंबाऐवजी द्राक्षाचा रस’ असं सरळ केलं की पेय कोसळतं. आपलं कागदी लिंबू परदेशी कृतींमधल्या मोठ्या, बिनबियांच्या लाइमपेक्षा जरा जहाल असतं. कृतीतलं ३० मिली आपल्याला कधी कधी २५ ला पुरतं. एका लिंबाचा रस १२ ते १५ मिली निघतो, ‘एक लिंबू’ हे माप धरू नका.

किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, इथे कामाला येतं. खाण्याच्या दर्जाचं पाकीट घ्या. जिभेसाठी एक मोजपट्टी करून ठेवा : ६ ग्रॅम लिंबूसत्त्व आणि एकूण १०० मिली होईल इतकं पाणी. हा लिंबाचा आंबटपणा, वास वजा करून. कुठलाही रस याच्या शेजारी चमचाभर चाखला की तो किती कमी पडतोय ते कळतं.

तासगावच्या द्राक्षाची डायकिरी करू. जानेवारी ते एप्रिल तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन यांतलं काहीही घ्या. द्राक्षं मिक्सरमध्ये भुगा करू नका, सालीचा तुरटपणा उतरतो. हाताने चुरगाळून गाळा. १०० मिली रसात ५ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. आता हा रस लिंबाइतका आंबट आहे, पण त्यात साखरही १८ टक्क्यांच्या आसपास आहे. ३० मिलीतून साडेपाच-सहा ग्रॅम साखर आली, तेवढी पाकातून वजा करायची : पाक २० वरून ११ मिली. रम ६०, आंबट केलेला द्राक्षरस ३०, पाक ११. चव सपाट वाटली तर रसातला ५ मिली काढून ५ मिली खरं लिंबू घाला. लिंबूसत्त्वाला धार असते, लिंबाचा वास नसतो, आणि तो वासच ताजेपणा वाटतो.

कोकमाचा आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. बिनमिठाची कोकमं २० ग्रॅम, कोमट पाणी १००, तीन तास, गाळा, आणि मोजपट्टीशी चाखत चिमूट-चिमूट लिंबूसत्त्व घाला. रंग देखणा येतो, जिन किंवा व्होडकाशी जमतं. चिंचेचा कोळ दाट आणि मातकट, त्याला व्हिस्की आणि काकवीच सांभाळू शकतात. कैरी पातळ किसून पिळली तर मार्चात चांगला हिरवा आंबटपणा देते. उकडलेल्या कैरीचा गर घातला तर ते पन्हं होतं, कॉकटेल नाही.

आटपाडी-जतच्या डाळिंबाचं काम वेगळं. ग्रेनडीन नावाचा लाल पाक मुळात डाळिंबाचाच. बाजारातल्या अनेक बाटल्यांत रंग आणि साखर यापलीकडे फारसं काही नसतं. १०० ग्रॅम रसात १०० ग्रॅम साखर न उकळता विरघळवा. उकळलं की रंग तपकिरीकडे झुकतो. भगवा जातीचं डाळिंब गोड असतं, म्हणून १ ग्रॅम लिंबूसत्त्व घाला. दाणे मिक्सरमध्ये बारीक केले तर बिया तुटून रस तुरट होतो. फडक्यात बांधून पिळा.

आल्यासाठी साताऱ्याबाहेर बघायची गरज नाही. मॉस्को म्यूल या व्होडकाच्या पेयातली जिंजर बिअर (आल्याचं फसफसणारं पेय) नसेल तर आलं किसून पिळा आणि तो रस अर्धा तास वाटीत स्थिर ठेवा. तळाला पांढरा स्टार्च बसतो; वरचा रस अलगद ओतून घ्या. हा स्टार्च ग्लासात गेला की पेय खडूसारखं लागतं. मग व्होडका ६०, आल्याचा रस ८ ते १०, लिंबू १५, पाक २०, वर ९० मिली गार सोडा. सोडा घातल्यावर ढवळायचं ते एकदाच.

फेस

व्हिस्की सावर या व्हिस्की-लिंबू-पाकाच्या पेयावरचा फेस अंड्याच्या पांढऱ्याचा असतो, साधारण १५-२० मिली, म्हणजे एका अंड्याचा अर्धा पांढरा भाग. कच्च्या अंड्याची धास्ती असेल किंवा घरात अंडं चालत नसेल तर काबुली चण्याचं पाणी तेच काम करतं, कारण फेसाला प्रथिनं लागतात आणि ती शिजताना पाण्यात उतरतात. १०० ग्रॅम चणे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या. ३०० मिली ताज्या पाण्यात मीठ-सोडा न घालता शिजवा. त्याच पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. गाळलेलं पाणी बहुधा पातळच असतं. चमच्यावरून पाण्यासारखं पळत असेल तर मंद आचेवर आटवा, संथ ओघळलं की थांबा. एका ग्लासाला २५ मिली. आधी बर्फाशिवाय १५-२० सेकंद जोरात हलवा, मग बर्फ घालून १०-१२ सेकंद. फेस दोन मिनिटांत बसला तर पाणी पातळ होतं किंवा भांड्याला तेलाचा अंश होता. फोडणीचं भांडं म्हणूनच या कामाला नको. उरलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा.

बर्फाबद्दल एवढंच : हलवलेल्या पेयात मूळ मिश्रणाच्या निम्म्याहून जास्त पाणी बर्फातून येतं, ढवळलेल्यात थोडं कमी. एप्रिलच्या सांगलीत ट्रेमधून काढून पाच मिनिटं ओट्यावर राहिलेला बर्फ आधीच ओला असतो आणि ते पाणी जास्तीचं पडतं. फ्रीजरमधून थेट शेकरमध्ये, भांडं गच्च भरून. गाडीवरचा किंवा मासळीबाजारातला बर्फ ग्लासात नको.

कडवटपणा

सगळ्यात अवघड बदली हीच. अँगोस्टुरा बिटर्स १८२४ साली व्हेनेझुएलात डॉ. सीगर्ट यांनी औषध म्हणून काढलं, आज ते त्रिनिदादमध्ये बनतं. युरोपातल्या अनेक कडू दारूंचा आधार असतो जेंशियन नावाच्या वनस्पतीचं मूळ. आणि आपलं काडेचिराईत त्याच जेंशियनच्या कुळातलं आहे. अमॅरोजेंटिन हे अतिशय कडू द्रव्य दोन्हींत सापडतं. सांगलीच्या गणपती पेठेसारख्या बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्याकडे काडेचिराईत मागा. गर्भवतींनी आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी ते टाळावं. गुळवेल त्याच्याऐवजी घालू नका. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कडू आणि सुगंधी भाग वेगवेगळे भिजवा, म्हणजे दोन्ही हातात राहतात. कडू अर्क : १ ग्रॅम काडेचिराईत, ५० मिली व्होडका, १२ तास, गाळा. यापेक्षा जास्त वेळ ठेवला तर लाकडाचा, काढ्याचा वास चढतो. सुगंधी अर्क : ५० मिली गडद रममध्ये २ ग्रॅम वाळलेली संत्र्याची साल, २ लवंगा, अर्धा इंच दालचिनी, २ वेलदोडे ठेचून, बोटाच्या पेराएवढं दगडफूल. लवंग आणि दालचिनी दोन दिवसांत काढा, बाकी पाच दिवस. लवंगा राहिल्या तर दातदुखीच्या औषधाचा वास येतो आणि मग तो कशानेच जात नाही. शेवटी दोन्ही अर्क समसमान मिसळले की घरचं बिटर्स. कृतीतला एक ‘झटका’ म्हणजे छोट्या चमच्याचा सहावा भाग. थेंबाने मोजत असाल तर लक्षात घ्या, दारूचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा बारीक पडतो.

याच कडू अर्कावर गोड व्हरमुथचीही बदली उभी राहते. व्हरमुथ म्हणजे वनौषधी घातलेली, थोडी जास्त तीव्र केलेली वाइन : अल्कोहोल साधारण १६ टक्के, साखर लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास. १०० मिली साधी, गोड नसलेली रेड वाइन, १० मिली गडद रम, १८ ग्रॅम साखर, त्यात २० काळे बेदाणे रात्रभर भिजवून गाळा. कडू अर्क ५ मिलीपर्यंत, चाखत चाखत. सोनेरी किंवा हिरवा बेदाणा घेतलात तर आधी कोमट पाण्यात दोनदा धुवून पुसा. वाळवण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवतात आणि पिवळ्या रंगासाठी गंधकाची धुरी देतात; न धुता भिजवला तर वाइनवर तेलाचा पातळ तवंग दिसतो. हे मिश्रण फ्रीजमध्ये दोन आठवडे धरा. विकतचं व्हरमुथसुद्धा उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवायचं असतं. कपाटात ठेवलं की हवेने वाइनसारखंच बिघडतं.

राहिली निग्रोनी : जिन, काम्पारी (लाल, कडू-गोड लिकर), गोड व्हरमुथ, प्रत्येकी ३० मिली. काम्पारीशिवाय ही होते का? तीच चव येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण त्या घराण्यातलं पेय होतं. काम्पारीचं काम आहे साधारण २५ टक्के अल्कोहोल, जवळपास तेवढीच साखर, संत्र्याची साल आणि कडवटपणा. ५० मिली व्होडकात एका संत्र्याची केशरी साल २४ तास ठेवून काढा. २५ मिली पाण्यात २५ ग्रॅम साखर विरघळवून ती घाला. मग कडू अर्क १० मिली, तोही दोन-दोन मिलीने. एकूण १०० मिली होतं. रंगाला बिटाच्या दोन चकत्या दहा मिनिटं पुरतात, जास्त ठेवल्या तर मातीचा वास येतो. काम्पारीचा लाल रंगसुद्धा २००६ पर्यंत किड्यांपासून काढलेल्या कार्मिनचा होता, तेव्हा बिटाची लाज नको. निग्रोनी बर्फावर ३० सेकंद ढवळा, हलवू नका. कडवटपणा घशात मागे चिकटून राहत असेल तर साखर वाढवायच्या भानगडीत पडू नका, पेय नुसतं जड होतं. २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातले दोन-तीन थेंब ग्लासात टाका. खारट लागत नाही, कडूपणा मात्र मऊ पडतो.